खंजेरी पुढे देणारे हात

सावलीहून गडचिरोलीच्या वाटेला लागले की व्याहाड मागे पडते आणि वैनगंगेचा पूल येतो. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी सरकारदरबारी ही वाटणी झाली. भजनाला ती कधी लागू झाली नाही. दिवस मावळताना या काठावरच्या गावांत सामुदायिक प्रार्थना सुरू होते, त्याच सुमारास त्या काठावरही होते. शब्द तेच, चाली त्याच, खंजेरीचा ठेकाही तोच.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की अध्यक्ष, सचिव, सभागृह, वर्गणी अशा नोंदी येतात. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या भजनाचा इतिहास एवढ्या नोंदींत मावत नाही. गावात मंडळ कधी जोमात होते आणि कधी थंडावले हे विचारले, तर जुनी माणसे साल सांगत नाहीत. त्या काळी खंजेरी कोणाच्या हाती होती ते सांगतात. म्हणून हा लेख त्या म्होरक्यांचा आहे. आमच्या परंपरेत म्होरक्याची परीक्षा गळ्यावरून होत नाही. तो उठून गेल्यावर भजन चालू राहते का, यावरून होते. ही कसोटी पहिल्या म्होरक्याने, तुकडोजी महाराजांनीच, स्वतःला लावून घेतली होती.

सावली, १९३६

सावलीचे नाव देशाच्या इतिहासात नोंदले गेले ते खादीमुळे. चरखा संघाचे काम येथे होते आणि त्याच ओढीने गांधी सेवा संघाचे वार्षिक संमेलन १९३६ च्या फेब्रुवारीअखेर येथे भरले. ते मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालले. संघाचे अध्यक्ष किशोरलाल मश्रूवाला होते. पुढच्या वर्षांत हेच संमेलन कर्नाटकात हुदली, ओरिसात डेलांग आणि बिहारमध्ये वृंदावन येथे भरले. त्या यादीत झाडीतल्या आपल्या गावाचे नाव आहे.

याच संमेलनात महात्मा गांधींनी सांगितले की गांधीवाद नावाचे काही नाही आणि आपल्यामागे कोणताही पंथ ठेवून जाण्याची आपली इच्छा नाही. सत्य आणि अहिंसा डोंगरांइतक्या जुन्या आहेत, आपण त्यांचे फक्त प्रयोग केले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. लाखो लोक ज्यांच्या मागे चालत होते, त्यांनी सावलीच्या मातीत उभे राहून मागे चालणाऱ्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहायला सांगितले. भजनाच्या म्होरक्याविषयी लिहिताना हा प्रसंग सारखा आठवतो.

गांधीजींच्या आश्रमात प्रार्थनेची धुरा एका मराठी माणसाकडे होती. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. साबरमतीच्या प्रार्थनेला सुरांची शिस्त त्यांनी लावली, आश्रम भजनावली त्यांनी सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते भजन गात चालले. शेकडो माणसांना एका सुरात आणणे हे देशकार्य आहे, हे त्या काळाने ओळखले होते.

सावलीच्या संमेलनानंतर काही महिन्यांतच, १९३६ च्या पावसाळ्यात, विदर्भातला एक तरुण भजनकार वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, गांधीजींकडे सुमारे महिनाभर राहिला. त्याच्या हातात खंजेरी होती. लोक त्याला तुकड्या म्हणत. हेच पुढचे तुकडोजी महाराज.

पहिले म्होरके

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. घर गरिबीचे. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानले आणि 'तुकड्या' हे नाव त्यांच्याकडूनच मिळाले. पुढे रामटेक, सालबर्डी, रामदिघी इथल्या रानांत त्यांनी साधना केली. चिमूरजवळच्या गोंदेड्याची गुंफा आजही तपोभूमी म्हणून ओळखली जाते. अमरावती जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस घडला तो आपल्या झाडीच्या रानात, याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे.

महाराजांनी हाती घेतलेले वाद्य साधे होते. वीतभर रुंदीचे लाकडी कडे, त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेले कातडे, कड्याच्या खाचांत झणझणणाऱ्या चकत्या. तंबोरा जुळवायला वेळ लागतो, पेटी उचलायला माणूस लागतो. खंजेरी काखेत मारून दहा कोस चालता येते, झाडाखाली बसता येते, आणि बोटे पडली की हाकेच्या अंतरातले लोक गोळा होतात. ज्याला गावोगाव फिरायचे आहे, त्याच्यासाठी याहून सोयीचे वाद्य नाही. महाराज मराठीत आणि हिंदीत रचना करत. त्यांच्या हजारो भजनांत देवाइतकीच जागा गावाच्या सफाईला, दारूच्या नाशाला, शिवाशिवीच्या पापाला आणि शेतकऱ्याच्या घामाला आहे.

१९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. त्याच वर्षी सालबर्डीच्या महायज्ञाला लाखोंचा समुदाय लोटला. तेव्हा ध्वनिक्षेपक गावोगाव पोचलेले नव्हते. एवढ्या माणसांना ऐकू कसे जात असेल, असा प्रश्न आजच्या मुलांना पडतो. त्याचे उत्तर झिलीत आहे. म्होरक्याने ओळ म्हणायची, जवळच्यांनी ती उचलायची, त्यांच्यामागच्यांनी त्यांच्याकडून उचलायची. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो तो एकट्या गळ्याचा नसतो, सगळ्यांचा झालेला असतो.

बेचाळीस आणि मंडळाची उभारणी

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरला प्रभातफेरी निघाली आणि गोळीबार झाला. तरुण बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले. चिमूरचा उठाव देशाच्या इतिहासात नोंदला गेला. त्या उठावामागच्या लोकजागृतीत महाराजांच्या भजनांचा मोठा वाटा होता, हे इंग्रज सरकारलाही कळले. २८ ऑगस्टला त्यांना चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवून डिसेंबरमध्ये त्यांना सोडण्यात आले. ज्याच्या हातात बंदूक नव्हती, नुसती खंजेरी होती, त्याला सरकारने तुरुंगात घातले. भजनाच्या ताकदीचा याहून मोठा दाखला शोधावा लागत नाही.

म्होरक्या तुरुंगात असताना गावोगावच्या भजनांचे काय होते, याचा धडा त्या महिन्यांनी दिला. सगळे एका माणसावर उभे असेल, तर त्या माणसाला उचलले की सगळे बसते. सुटून आल्यावर वर्षभरातच, १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये, अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाची रीतसर स्थापना झाली आणि गुरुकुंजात छापखाना आला. गावोगाव शाखा, शाखेला सेवाधिकारी, फिरते प्रचारक, ठरलेली प्रार्थना, छापलेली भजने अशी घडी बसली. एका गळ्यातले भजन वहीत उतरले आणि वहीतून हजार गळ्यांत गेले.

म्होरक्याचे काम

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा संचालक श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहतो. हातात छडी असते, पण तो स्वतः एकही वाद्य वाजवत नाही. वरातीतल्या बँडचा मास्तर क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट फुंकत पुढे चालतो. आमचा म्होरक्या जमिनीवर, सगळ्यांच्या पातळीला बसतो. गातोही तोच, वाजवतोही तोच, आणि मंडळ हाकतोही तोच.

बसण्याची रीत ठरलेली आहे. मधोमध खंजेरीवाला मुख्य गायक, एका हाताला पेटी, दुसऱ्या हाताला तबला किंवा ढोलक, दोन्ही अंगांना टाळकरी, मागे झिलकरी. मुख्य गायक आधी ध्रुपद सांगतो. झिलकरी ते उचलतात. मग कडवे एकट्याचे, ध्रुपद सगळ्यांचे. ठेका बहुधा भजनी, नाहीतर केरवा किंवा दादरा. लय संथ सुरू होते आणि शेवटच्या कडव्याला दुगुणीत जाते. तेव्हा टाळ इतके दाट पडतात की वेगवेगळे ऐकू येत नाहीत.

या सगळ्याला म्होरक्याच्या खुणा लागतात. खंजेरी छातीशी घेतली म्हणजे आवाज खाली. कानापाशी उचलली म्हणजे झील जोरात. थाप न मारता नुसत्या चकत्या झणकारल्या म्हणजे ध्रुपदावर परत या. हात हवेत थांबला की पुढच्या समेला सगळे थांबणार. नवा झिलकरी पहिले काही दिवस म्होरक्याच्या तोंडाकडे बघतो. मुरलेला झिलकरी त्याच्या मनगटाकडे बघतो.

खंजेरीची निगा हेही त्याचेच काम. पावसाळ्यात कातडे ओल धरते, आवाज फदफदतो. मग शेकोटीजवळ धरून ते तापवावे लागते. उन्हाळ्यात ते इतके ताणते की आवाज टणक होतो, तेव्हा ओल्या बोटांनी पाण्याचा हात द्यावा लागतो. पूर्वी खंजेरीला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पूर्ण संरक्षण दिले आणि रानाशेजारी राहणाऱ्या आपण हे मनापासून पाळले पाहिजे. आज बकऱ्याचे कातडे किंवा प्लास्टिकचा पडदा लावतात. नाद थोडा बदलला, पण भजन अडले नाही.

म्होरक्याला धानाचे वेळापत्रकही पाठ असावे लागते. आपला मुलूख भाताचा. आसोलामेंढा तलावाच्या पाण्यावर तालुक्यातली बांधी भिजते. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून आलेल्या माणसाला रात्री दोन तास बसवून ठेवायचे नसते, हे जाणता म्होरक्या ओळखतो. तेव्हा प्रार्थना आटोपशीर घ्यायची. कापणी-मळणी उरकली, दिवाळीनंतर मंडई भरू लागल्या, दंडारीचे आणि झाडीपट्टी नाटकांचे दिवस आले की मग रात्र रात्र जागवायची. माघात महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेसाठी माणसे वैनगंगेच्या काठाने निघतात, तेव्हा चालताना गायची भजने वेगळी काढायची. कोणाच्या घरी बारसे, कोणाच्या घरी तेरवी. कुठे काय गायचे, कुठे किती वेळ गायचे आणि कुठे गप्प बसून घरच्यांना रडू द्यायचे, हे वहीत लिहिलेले नसते.

या भागातल्या बहुतेक म्होरक्यांचे शिक्षण एकाच वाटेने झाले. लहानपणी टाळ हाती मिळतो. ताल अंगात भिनला की झिलीत जागा. झिलीत काही वर्षे गेली, शब्द पाठ झाले, दम वाढला की एखाद्या संध्याकाळी जुना म्होरक्या कडवे अर्ध्यावर सोडतो आणि मागे वळून बघतो. जो ते उचलतो, तो पुढचा. तिथे अर्ज नाही, मुलाखत नाही, जातीची किंवा घराण्याची चौकशी नाही.

भजन संपल्यावरचे भजन

मंडळाच्या म्होरक्याचे काम समेवर संपत नाही. पहाटे सामुदायिक ध्यान, ग्रामसफाई आणि रामधून, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, असा मंडळाचा दिनक्रम आहे. रात्री ज्याने सफाईचे भजन सांगितले, तोच सकाळी खराटा घेऊन पुढे नसेल, तर दुसऱ्या रात्री झील पडत नाही. गाडगे महाराजांनी आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. तीच शिस्त तुकडोजी महाराजांनी मंडळाला लावली.

१९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या आहेत. त्यांत ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती आणि दलित-सेवा यांच्या जोडीला सामुदायिक प्रार्थना आणि भजन-प्रभाव असे स्वतंत्र अध्याय आहेत. भजनाला गावाच्या आरोग्याइतकी आणि शेतीइतकी जागा देणारा ग्रंथ म्हणून तो प्रत्येक मुख्य गायकाने वाचावा. त्याच वर्षी महाराज जपानमधल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेला गेले. तिथेही त्यांच्या हातात खंजेरीच होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत त्यांनी सीमेवर जाऊन जवानांसमोर भजने गायली. मोझरीची खंजेरी सीमेवर वाजली, पण तिचे घर गावातल्या चावडीपुढची सारवलेली जागा हेच राहिले.

प्रार्थनेच्या जागी अधिष्ठान मांडतात आणि त्याच्यासमोर सगळे रांगेत बसतात. सरपंच कोण, मजूर कोण, हे त्या रांगेत ओळखू येत नाही. म्होरक्याही त्याच रांगेतला.

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे

११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी गुरुकुंजात देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात नेमक्या त्याच वेळी मोझरीला जमलेले लाखो लोक स्तब्ध उभे राहतात. टाळ नाही, खंजेरी नाही, घोषणा नाही. आयुष्यभर ज्याने लोकांना गायला लावले, त्याला लोक मौनाने श्रद्धांजली वाहतात. आणि मौन सुटले की पुन्हा प्रार्थना सुरू होते.

महाराज गेल्यावर चळवळ ओसरेल, असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. आपल्याच जिल्ह्यात अड्याळ टेकडीवर तुकारामदादा गीताचार्य यांनी ठाण मांडले आणि ग्रामगीता गावकऱ्यांच्या जगण्यात उतरवण्यासाठी २००६ साली देह ठेवेपर्यंत ते झटले. टेकडीवर येणाऱ्यांना प्रार्थनेइतकेच श्रमदान करावे लागे. या भागातल्या कित्येक कार्यकर्त्यांनी पहिला धडा तिथे घेतला. पुढे अकोला जिल्ह्यातून सत्यपाल महाराज आले. एकाऐवजी सात खंजेऱ्या समोर मांडून त्यांनी अंधश्रद्धा, हुंडा आणि व्यसन यांच्यावर घणाघात केला. त्यांची सप्तखंजेरी ऐकायला तरुण गर्दी करतात. तुकारामदादांचा मार्ग टेकडीवरच्या श्रमाचा, सत्यपाल महाराजांचा मार्ग रात्रीच्या मैदानाचा. दोघांनी पहिल्या म्होरक्याची नक्कल केली नाही. त्याने दिलेली वस्तू आपापल्या हाताने वाजवली.

गावपातळीवरची मोठी घटना तर त्याहून शांतपणे घडली. बायका झिलीतून पुढे आल्या. आज गावोगाव महिला भजन मंडळे आहेत आणि त्यांच्या मधोमध खंजेरी घेऊन बाईच बसते. दारूबंदीसाठी आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या बायकांनी मोठा लढा दिला. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा येतो, जातो. व्यसनाविरुद्धचे भजन गावातल्या बाईच्या गळ्यात राहते.

पुढच्या हातासाठी

आज अडचणी आहेत आणि त्या लपवू नयेत. ध्वनिक्षेपक मुख्य गायकासमोर असतो, झिलकऱ्यांसमोर नसतो. त्यामुळे एकाचा आवाज चौपट होतो आणि बाकीचे हळूहळू ओठ मिटतात. स्पर्धेत बक्षीस मिळवण्यासाठी कसलेला गायक बाहेरून बोलावला जातो. ऑक्टोपॅडच्या दणक्यात शब्द हरवतात. मुले रोजगारासाठी नागपूर-पुण्याला जातात. यांतले काही आपल्या हातात नाही, पण काही आहे. ध्वनिक्षेपक झिलीकडे वळवता येतो. स्पर्धेत गावातल्याच माणसांना बसवता येते. लय आवरता येते. म्हाताऱ्या म्होरक्यांच्या वह्या झेरॉक्स करून ठेवता येतात, त्यांच्या चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करता येतात. चाल कागदावर राहत नाही. ती माणसाबरोबर जाते.

ज्या सावलीत एका महापुरुषाने मागे पंथ ठेवायचा नाही असे सांगितले, त्या सावलीच्या परिसरातल्या मंडळांनी मोठ्या म्होरक्यांचे फोटो लावून थांबू नये. ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्या प्रत्येक मुख्य गायकाला हात जोडून एकच विनंती आहे. येत्या पुण्यतिथीच्या आत आपल्या मंडळातल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या हाती खंजेरी द्या, स्वतः मागे झिलीत जाऊन बसा, आणि ते लेकरू चुकले तरी ध्रुपद सोडू नका.

जय गुरुदेव!